आबांचा हुंकारा

सारिकाला वाचायला कोणी शिकवलं असं कोणी विचारलं, तर ती शाळेचं नाव घ्यायची नाही, आबांचं घ्यायची. ऐकणारा हसायचा, कारण तिच्या वडिलांना, सुकलाल आबांना, अक्षराची ओळख नव्हती. मतदानाला गेले की अंगठा पुढे करायचे, आणि शाई पुसायला धोतराचा सोगा.

आबांची गावात ख्याती होती ती हुंकाऱ्यासाठी. अमळनेर तालुक्यातलं ते बोरीकाठचं गाव. थंडीत शेकोटीभोवती कहाणी रंगायची तेव्हा सांगणारा कोणीही असो, हुंकारा द्यायला आबाच लागत. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं, की तो पुढे जाणार. एवढंच काम, पण माणसं त्यातही अंगचोरपणा करतात. काही तर झोपेतसुद्धा हूं म्हणतात. आबांचं तसं नव्हतं. गोष्ट डोक्यात शिरली तरच हूं, नाहीतर तोंड मिटून बसणार, आणि सांगणाऱ्याने मुकाट मागे जायचं. एकदा सावद्याकडचा एक नावाजलेला कहाणी सांगणारा आला होता. राजपुत्राचा घोडा विहिरीपाशी मेला असं त्याने सांगितलं, आणि थोड्या वेळाने तोच राजपुत्र त्याच घोड्यावर बसून डोंगर चढायला लागला. सगळं गाव त्याच्यामागे डोंगर चढलं, आबा मात्र खालीच राहिले. हूं येईना. सांगणारा खाकरला, वाक्य पुन्हा म्हणाला. तरी नाही. शेवटी आबा अगदी गरीब आवाजात म्हणाले, "भाऊ, घोडा तं मरी गया ना?"

लोक पोट धरधरून हसले. तो बिचारा परत कधी त्या गावाला फिरकला नाही, आणि ‘घोडा मरी गया ना’ हे गावाच्या तोंडी बसलं. पुढाऱ्याने भाषणात थाप मारली, की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं.

अशा माणसाला सारिका लहानपणापासून पेपर वाचून दाखवायची. वाक्य वाचलं की थांबायचं, आबांकडे बघायचं, हूं आलं की पुढचं. नाही आलं तर तेच वाक्य परत, सावकाश, फोड करून. त्यामुळे शाळेत तिला धडा कधी दोनदा वाचावा लागला नाही. जे वाचलं ते पक्कं. मास्तर कौतुक करायचे. ते कौतुक पुढे तिच्या असं अंगाशी येईल, हे कोणाला ठाऊक होतं?

आता तिने चाळिशी ओलांडली होती. नवऱ्याने दुसरं घर मांडलं तेव्हा ती माहेरी परतली, गावच्या अंगणवाडीत सेविका झाली आणि भावाच्या घराच्या मागच्या खोलीत आबांबरोबर राहू लागली. भाऊ, जगदीश, माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, झोके उतरले, आणि एका सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन खोलीच्या दारात उभा राहिला.

"अक्का, घाई काहीच नही," तो मुलाच्या लग्नाचा विषय काढत म्हणाला. "पन तुळशीना लगननंतर समाधाननं लगीन शे. नवी नवरी येई. घरमा जादा खोली तं हाई एकच शे."

"आन आबा?" सारिकाने विचारलं.

"आबानी खाट ओटावर टाकू. तूबी... देखू काहीतरी."

देखू काहीतरी म्हणजे काय ते तिला कळत होतं. कापूस भरायच्या कोठीत, ढिगाच्या एका अंगाला, तिची पथारी. आणि ऐंशीला टेकलेले आबा थंडीत ओट्यावर. त्या दिवशी अंगणवाडीत पोरांचं वजन घेताना तिने एकाच पोराला दोनदा काट्यावर बसवलं.

सुटकेची एकच वाट होती, मुख्यसेविकेची परीक्षा. पास झालं की तालुक्याच्या गावी नेमणूक, दोन खोल्या भाड्याने, आबांची खाट खिडकीशी. हे चित्र तिने मनात इतक्यांदा लावलं होतं की खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा तेही ठरलेलं होतं. पण याआधी बसली तेव्हा दोन्ही वेळा ती एकाच ठिकाणी गाळात गेली. उतारे. मोठमोठे उतारे, खाली प्रश्न, आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पळणारं घड्याळ. जे उतारे ती वाचायची त्यांची उत्तरं अचूक असायची. पण निम्मे वाचायचेच राहून जायचे. आणि ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयातून बाद.

अमळनेरला नवीन नावाच्या सरांचा क्लास होता. तिथे सगळी विशीबाविशीची पोरं, त्यांच्यात ही एकटी पदर खोचलेली. सरांनी तिला समोर बसवून एक उतारा मनात वाचायला दिला आणि ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"मॅडम, प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही थांबता," ते म्हणाले. "कोणासाठी थांबता?"

एवढ्या वर्षांत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पूर्णविराम आला की तिचे डोळे पानावरून उठत, समोर बघत, आणि कानात हूं आल्याखेरीज खाली उतरत नसत. अमळनेरच्या क्लासमध्येही ती आबांची वाट बघत होती.

सरांनी शिकवायचं ते शिकवलं. ओळीखाली पेन फिरवा, पेन थांबलं नाही पाहिजे. मागे जायचं नाही. एकेक शब्द उचलू नका, तीनचार शब्दांचा घास घ्या. सगळं बरोबर होतं, पोरांना जमतही होतं. सारिकाने पेन फिरवलं की डोळे पेनामागे पळत सुटायचे आणि ती स्वतः मागच्याच ओळीत उभी. पान संपायचं, हाती काही नाही. पाण्यावरचा उतारा होता की पोषणावरचा, इतकंही सांगता यायचं नाही. सर म्हणाले, "एक मुद्दा संपला की थांबा, स्वतःला विचारा, समजलं का? प्रामाणिक उत्तर द्या." पण परीक्षा डोक्यावर बसलेली असताना माणूस स्वतःशी प्रामाणिक राहतो कुठे? ती विचारायची आणि लगेच हो म्हणायची.

मग तिला सुचलं, की हो-नाही सांगणारा प्रामाणिक माणूस तर घरातच आहे.

अंगणवाडी सुटली की ती निंबाखाली आबांच्या खाटेशी बसायला लागली. सराव पुस्तिकेतला उतारा जमेल तितक्या वेगाने मोठ्याने वाचायचा, आबांनी हुंकारा द्यायचा. आपला वेग वाढवत न्यायचा आणि आबांच्या हूंवर लक्ष ठेवायचं. आबांना समजलं म्हणजे वाचणारीलाही समजलं, असा तिचा सरळ हिशेब.

पहिले काही दिवस आबा तिला पावलोपावली अडवत. "थांब. समजनं नही. फिरी वाच." ती दात खाऊन परत वाचायची. कधी पुस्तिका आपटायची. एकदा तर तिथेच रडली, "आबा, असं अडकाडशात तं मी पास कसी व्हसू?" आबा खाटेच्या सुंभाशी बोटाने चाळा करत राहिले.

त्यानंतर मात्र हळूहळू जमू लागलं. ‘फिरी वाच’ कमी झालं. वाक्य संपतं न संपतं तोच हूं यायला लागलं. श्रावणात कानबाई देवीचा सण, रोटांचे दिवस आले तोवर सारिका अशी वाचायला लागली होती की शेजारची ललिता पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबून बघायची. आबांचा हुंकारा तिच्या वाचण्याला ठेका धरल्यासारखा पडत होता. कित्येक वर्षांत सारिकाला इतकं हलकं वाटलं नव्हतं. खिडकीच्या पडद्याचा रंग तिने मनातल्या मनात बदलूनही टाकला.

कानबाईचं विसर्जन झालं आणि पुढच्या रविवारी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. सारिकाचे सगळे उतारे वाचून झाले. घड्याळात वेळ शिल्लक. आयुष्यात पहिल्यांदा! ती पोरांकडे बघून हसलीसुद्धा.

सरांनी निकाल दाखवला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "मॅडम, सगळं वाचलंत, पण निम्म्याहून जास्त उत्तरं चुकलीत. यापेक्षा तुमचं आधीचं बरं होतं. निदान जेवढं वाचत होतात तेवढं बरोबर यायचं."

एस.टी.त खिडकीशी बसून ती एकच गोष्ट उलटसुलट करत राहिली. आबांना समजलं, मग मला कसं नाही समजलं? वाचणारी मी, डोळे माझे. शेतांमधली कपाशी फुलावर आली होती, पण तिला काही दिसत नव्हतं. गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिच्या मनात एक शंका येऊन बसली होती, आणि ती शंका आल्याबद्दल तिला स्वतःचीच शरम वाटत होती.

आबा निंबाखाली होते. तिने पुस्तिका काढली, पदराने तोंड पुसलं आणि नेहमीच्या झपाट्याने वाचायला लागली. उतारा भूजलावर होता. भूजलाची पातळी खाली गेली, हूं. विहिरी कोरड्या पडल्या, हूं. आणि मग पुस्तिकेवरून नजर न काढता, त्याच सुरात, त्याच वेगात तिने पुढे जोडलं, "विहिरीपाशी राजपुत्राचा घोडा मेला."

"हूं," आबा म्हणाले.

"त्याच घोड्यावर बसून राजपुत्र डोंगर चढला."

"हूं."

सारिकाने पुस्तिका मिटली. आबांना कळायला थोडा वेळ लागला. वाचणं का थांबलं म्हणून त्यांनी मान वर केली, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर खाली जमिनीवर गेली, ती तिथेच राहिली.

"आबा, परगावना मानूसले तुम्ही भर लोकस्मा थांबाडं," ती म्हणाली. "आन पोटनी पोरले खोटं हूं?"

"तू थांबनी का तुना चेहरा उतरे, माय," आबा म्हणाले. "मी हूं म्हनू का तू पुढे पये. मना कारने तू मांगे राहशी, आसं वाटनं माले."

"कवयपाइन?"

कधीपासून ते आबांनी सांगायची गरज नव्हती. जिथे ती रडली होती तिथूनच.

माणसाला रागाच्या भरात जे सुचतं ते नेमकं नको तेच असतं. सारिका उठली आणि म्हणाली, "ओटावर खाट टाकतीन ना, तवय तठे बशीसन हूं म्हनत बसा." घरातून जगदीशची बायको डोकावून आत गेली. सारिका खोलीत आली, दार लावलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. आबांवरचा राग तर त्यात होताच. पण खरं रडू याचं होतं की पावसाळ्याचे इतके दिवस वाया गेले, दसऱ्यानंतर परीक्षा, आणि तिला आता ना सावकाश वाचता येत होतं ना भरभर. आधी निदान जे वाचायची ते तिचं असायचं. आता तेही गेलं होतं.

दोनचार दिवस बापलेक बोलले नाहीत. ती भाकरी पुढ्यात ठेवायची, ते खायचे. मग एका दुपारी ती अंगणवाडीतून आली तर आबा निंबाखाली नेहमीपेक्षा ताठ बसलेले, आणि खाटेवर तिची सराव पुस्तिका. खोलीतून त्यांनी स्वतः आणली होती.

"बस," ते म्हणाले. "वाच. आते समजनं तरच हूं. तू रडनी तरी नही देवाव."

सरांचं एक वाक्य तिला त्या दिवसांत पुन्हा आठवलं होतं. वाक्यावाक्याला नाही, एक मुद्दा संपला की थांबा. तिने आबांना तसं सांगितलं. आबांना ते पटलं. कहाणीतही चांगला सांगणारा तसंच करतो, म्हणाले, घरून निघाल्यापासून विहिरीपर्यंत एका दमात नेतो, मग हूं. आणि त्यांनी सुरुवात केली. एक मुद्दा, एक हूं. कधी हूं, कधी मिटलेलं तोंड. मिटलेलं तोंड बघून ती पुस्तिका खाली ठेवायची, पण आबा हलायचे नाहीत. घामाघूम होऊन ती परत वाचायची. वेग आधीच्या खोट्या वेगाच्या जवळपासही नव्हता. पण होता. आणि या वेळी जे वाचून व्हायचं ते डोक्यात राहायचं. फक्त दिवस उरले नव्हते. नुसत्या आणखी एका महिन्यासाठी तिने कानबाईला हात जोडले असते, पण कानबाई केव्हाच नदीत गेली होती.

परीक्षा धुळ्याला होती, एका कॉलेजात. सारिका पहाटेच्या गाडीने निघाली. कॉम्प्युटरसमोर बसली. पहिला उतारा उघडला. तिने पहिला मुद्दा एका दमात वाचला, समजला, आणि तिच्या तोंडून चांगलं खणखणीत बाहेर पडलं, "हूं!"

सगळ्या हॉलने माना वळवल्या. देखरेखीला असलेली मुलगी धावत आली. "काय झालं?"

"काही नाही मॅडम. चुकून."

दुसरा मुद्दा वाचला, आणि पुन्हा हूं. या वेळी ती मुलगी तिच्या खुर्चीशीच उभी राहिली. "बाई, हे काय चाललंय? कोणाला खुणा करताय? आता आवाज आला तर उठवावं लागेल."

आता हे त्या पोरीला कसं सांगायचं? सारिकाने हूं गिळायचा प्रयत्न केला. पण हूं गिळलं की वाचणंही तिथेच थांबत होतं. घड्याळ पळत होतं. तिने पदराचं टोक घेतलं, घडी करून दातांत धरलं आणि वाचायला लागली. मुद्दा संपला की दातांत पदर आवळायचा, तोच हुंकारा. समजलं नाही तर आवळायचा नाही, मागे जायचं. एकदा मागे गेली, दोनदा गेली. घड्याळाकडे बघून एका ठिकाणी तिला वाटलं, आवळावा पदर आणि जावं पुढे, कोण बघतंय? तिने नाही आवळला. शेवटचा उतारा उघडला, त्याचं पहिलं वाक्य वाचलं, आणि कॉम्प्युटरचा पडदा पांढरा झाला. वेळ संपली होती. दातांतला पदर काढला तेव्हा तो ओलाचिंब होता.

घरी येऊन तिने आबांना जसं घडलं तसं सांगितलं. प्रत्येक टप्प्यावर आबांनी हूं दिलं. शेवटचा उतारा राहिला, इथेही दिलं, थोडं उशिराने.

निकाल दिवाळीनंतर लागला. तोवर तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. घराला रंग दिला होता, मागच्या खोलीत समाधानचं नवं कपाट येऊन उभं होतं आणि त्याचं दार उघडायला जागा हवी म्हणून आबांची खाट आदल्याच दिवशी ओट्यावर गेली होती. सारिकाने कोठीच्या दारात उभं राहून मोबाइलवर यादी पाहिली. पेन नव्हतं, म्हणून बोट फिरवलं. यादी संपली. ती पहिल्यापासून पुन्हा बघितली, सावकाश, एकेक नाव. मग स्वतःचे गुण उघडले. एका उताऱ्याने गेली होती. जे वाचलं होतं त्यातलं जवळजवळ सगळं बरोबर होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. तिने मोबाइल कमरेला खोचला, डोळे पुसले आणि ओट्यावर येऊन आबांच्या खाटेच्या कडेला बसली. म्हाताऱ्याने गोधडी खांद्यापर्यंत ओढून घेतली होती. ऊन उतरलं होतं आणि बोरीकडून गार वारा येत होता.

"निकाल ऊना, आबा," ती म्हणाली.

"हूं."

"ह्या टायमले नंबर नही लागना."

आबांनी गोधडीची कड मुठीत धरली. "हूं," आबा म्हणाले.

त्यांच्या तोंडाकडे तिला बघवेना. तिने गोधडीची कड सारखी केली आणि भरभर बोलायला लागली, जशी पावसाळ्यात वाचायची तशी. "पन आबा, काळजी नका करू. वयनी अट वाढाडनार शेत म्हने. पुढला वरीस फिरी बसता येई. मंग आपीन दोन्ही जन अमळनेरले. खोली लेऊत. खिडकीजोडे तुम्हनी खाट."

ती थांबली. वाट बघत राहिली. आतून समाधानच्या कपाटाचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. आबांचं तोंड मिटलेलं होतं. तिला वाटलं, आज द्यावं त्यांनी खोटं. आज एकदाच द्यावं, मी काही म्हणणार नाही.

आबांनी गोधडीतून हात काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"बेटा," ते म्हणाले, "घोडा तं मरी गया ना?"

सारिकाने मान खाली घातली.

"हूं," ती म्हणाली.